जखमी होऊन हाती न लागलेली मादी टॅगमध्ये धरावी का?

प्रेषक : पानगळ

नमस्कार. मी गेली सहा वर्षे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात कंपाउंड (चाकांवर दोरी ताणणाऱ्या) धनुष्याने व्हाइटटेल हरणांची शिकार करतो. आजवर पाच हरणांना बाण लागला आणि पाचही सापडली. त्यांतले सर्वांत दूर गेलेले नव्वद यार्डांवर पडले होते. सहावे सापडलेले नाही, आणि हा प्रश्न त्याच्याविषयीच आहे. सांत्वन नको आहे. ज्यांनी स्वतः जखमी जनावर गमावले आहे आणि त्यानंतर आपण काय केले हे जे आडपडदा न ठेवता सांगू शकतील, त्यांचे मत हवे आहे.

घडले ते असे. परवा संध्याकाळी, सूर्यास्ताला वीसेक मिनिटे उरली असताना, एक पूर्ण वाढलेली मादी ओकच्या रांगेतून एकटीच माझ्या मचाणासमोर आली. मचाण जमिनीपासून अठरा फुटांवर आहे. रेंजफाइंडरने अंतर २७ यार्ड दाखवले. ती अगदी आडवी उभी होती, पण दोरी ओढताना माझी बाही कशाला तरी घासली, तिने मान वर केली आणि ती थेट झाडाकडे पाहू लागली. तिथे थांबायला हवे होते हे आता कळते असे लिहिले तर ते खोटे होईल, कारण ते तेव्हाही कळत होते. ती मान खाली करेल म्हणून मी वाट पाहिली, तिने केली नाही, ताणलेल्या दोरीने खांदा भरून आला आणि मी बाण सोडला. आवाजासरशी ती खाली दबली आणि वळली. खांद्यामागे लागायचा बाण शेवटच्या बरगडीच्याही वीतभर मागे लागला. पाठीची कमान करून ती पंधरा-वीस यार्ड दुडकत गेली, थांबली, आणि मग शेपूट पाडून चालत चालत झुडपांत शिरली.

बाण आरपार जाऊन जमिनीत रुतला होता. त्यावर रक्त थोडे, आणि पिसांना हिरवट-तपकिरी चिकट लेप; वास आंबूस. रात्री दहाच्या सुमारास पावसाचा अंदाज होता, म्हणून मी चाळीस मिनिटे थांबून डोक्याला दिवा लावून निघालो. सुमारे १३० यार्डांवर एका पडलेल्या ओंडक्याआडून ती उठली. मला फक्त डोळ्यांची चमक दिसली आणि काटक्या मोडल्याचा आवाज आला. तिने जिथे बसकण मारली होती तिथल्या गवतावर तळहाताएवढा काळपट डाग होता. त्यापुढे दोन थेंब, आणि मग काही नाही. पाऊस ठरल्या वेळी आला. काल सकाळी सातपासून मी एकट्याने शोधले. तिची दिशा शेजारच्या जमिनीकडे होती. तिथल्या मालकांनी दुपारपर्यंत फोन उचलला नाही, उचलल्यावर मात्र लगेच परवानगी दिली. तीन वाजेपर्यंत समांतर रांगा धरून चाललो, पण काहीही हाती लागले नाही.

कायदा मला एवढेच सांगतो की जनावर मिळवण्याचा वाजवी प्रयत्न करा. तो मी केला असे कागदावर म्हणता येईल, आणि माझ्याकडचा मादीचा टॅग (एक मादी मारण्याचा परवाना) अजून कोराच आहे. तो वापरण्याचा मला नैतिक अधिकार उरला आहे का? या हंगामात पुन्हा मचाणावर चढावे का? आणि सावध झालेल्या हरणावर २७ यार्डांवरून बाण सोडणे ही चूक म्हणायची की दुर्दैव?


प्रेषक : जुना मचाणकरी

पानगळ, तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळच सांगतो. तुमच्या तीन प्रश्नांत एक प्रश्न नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे: चाळीस मिनिटे कशाच्या जोरावर?

बाणाने तुम्हाला सगळे सांगितले होते. गोळीने बसतो तसा हादरा बाणाने बसत नाही. बाणाचे पाते रक्तवाहिन्या कापते आणि हरीण रक्तस्रावाने जाते. दोन्ही फुप्फुसांतून पाते गेले तर ते दहा-वीस सेकंदांत कोसळते, मागावर गुलाबी, फेसाळ रक्त मिळते आणि अर्धा तास थांबणे पुरते. रक्त गडद, जांभळटपणाकडे झुकणारे आणि फेस नसलेले असेल तर यकृत समजावे आणि चार ते सहा तास द्यावेत. बाणावर हिरवट लेप आणि आंबूस वास म्हणजे पोट किंवा आतडी, आणि तिथे आठ ते बारा तासांच्या आत पाऊल टाकायचे नसते. पाठीची कमान आणि चालत जाणे ही त्याचीच खूण. असे हरीण दूर पळत नाही. त्याला आजारी माणसासारखे आडोसा शोधून पडायचे असते, आणि त्याला उठवले नाही तर ते बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या बसकणीतच मरते. तुमची मादी १३० यार्डांवर बसली होती. काल सकाळी ती तिथेच मिळण्याची शक्यता खूप होती.

पावसाचे कारण आपण सगळेच देतो, मीही दिले आहे. पण पोटाच्या जखमेत पाऊस ज्याला पुसतो तो माग मुळातच नसल्यासारखा असतो. छिद्र आतून चरबीने आणि आतड्याने बुजते आणि बाहेर थेंबसुद्धा पडत नाही. जो माग बहुधा मिळणारच नव्हता त्याच्या भीतीने तुम्ही तिला उठवलेत.

आता दुसरी बाजू, कारण ती कोणी बोलत नाही. पोटात बाण लागलेले हरीण रात्रभर अंधारात पडलेले आहे हे माहीत असताना घरी जाऊन झोपायचे, हा या शिकारीतला सर्वांत अवघड नियम आहे. ते जिवंत आहे, त्याला वेदना होत आहेत, आसपास कोयोटी (कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी) आहेत, आणि रात्र उबदार असेल तर सकाळपर्यंत मांसही वाया जाते. तरीही थांबायचे, कारण घाईने गेल्यास ते उठते, आणखी अर्धा मैल जाते, तिथे तेवढ्याच वेदना सोसून मरते आणि कोणालाच मिळत नाही. ‘जनावराला लवकर सोडवायला गेलो’ असे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण खरे तर स्वतःच्या अस्वस्थतेतून सुटायला गेलेले असतात. हे मी माझ्याबद्दल लिहितो आहे. तुमचे तुम्ही ठरवा.

माग काढण्याबद्दल एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी यकृतात बाण लागलेल्या नराचा माग माझा साठ यार्डांवर तुटला. मी प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा कपटा टाकत आलो होतो. उभा राहून मागे पाहिले तेव्हा पांढऱ्या कपट्यांची ओळ सरळ न जाता हलकेच डावीकडे वळताना दिसली. चालताना ते वळण मला अजिबात कळले नव्हते. मग गुडघ्यांवर बसून त्या बाजूची एकेक काडी पाहू लागलो. रक्त वरून दिसत नव्हते. ते गवताच्या पात्यांच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून दोन फुटांवर पुसले गेले होते, म्हणजे जनावराच्या अंगाला घासून लागले होते. एका वाळक्या पानावरचा लालसर ठिपका रक्ताचा की पानाचाच हे कळेना, तेव्हा खिशातल्या बाटलीतले हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले आणि तो फसफसला. तिथून चाळीस यार्डांवर नर पडलेला होता. त्या चाळीस यार्डांना मला पावणेदोन तास लागले. तुम्ही सात-आठ तास शोधलेत, पण त्यांतला किती वेळ चालण्यात गेला आणि किती गुडघ्यांवर?

टॅगबद्दल माझे मत पक्के आहे. ज्या हरणाला मरणाची जखम झाली असे मला वाटते ते माझे. त्याची खोटी नोंद करायची नाही, कारण त्या नोंदींवरून पुढच्या वर्षीचे कोटे ठरतात. टॅग फक्त न वापरता ठेवून द्यायचा. अलास्काच्या काही विभागांत जखमी झालेले अस्वल कायद्यानेच शिकाऱ्याच्या कोट्यात धरले जाते, आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात रक्त दिसले की जनावर मिळो न मिळो, त्याचे शुल्क भरावे लागते. हरणांच्या बाबतीत तसा कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत स्वतःला लावून घ्यायला कोणाची हरकत नाही.


प्रेषक : गवताकाठी

मी चौदा वर्षे धनुष्याने शिकार केली आणि सोडली, त्यामुळे माझे मत इथे कोणाला आवडणार नाही याची कल्पना आहे. शिकार करावी की करू नये हा या धाग्याचा विषय नाही आणि मी तिकडे वळत नाही.

पानगळ, तुमचा तिसरा प्रश्न चूक की दुर्दैव असा आहे, तर आधी साधे गणित पाहू. तुमच्या धनुष्याचा बाण सेकंदाला २७० फूट जात असेल असे धरतो. सत्तावीस यार्ड म्हणजे ८१ फूट, बाणाला ०.३० सेकंद लागली. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, म्हणजे दोरीचा आवाज तिच्यापर्यंत ०.०७ सेकंदात पोहोचला. बाण पोहोचण्याआधी तिच्या हातात पाव सेकंदाला जेमतेम कमी वेळ होता. आधीच सावध असलेल्या व्हाइटटेलला दबून वळायला एवढा वेळ पुरतो, कारण पळण्यासाठी पाय ताणायचे तर आधी अंग खाली घ्यावेच लागते. हीच मादी मान खाली घालून चरत असती तर तुमची पाच-शून्य ही बेरीज बहुधा सहा-शून्य झाली असती. धनुष्य आणखी वेगवान घेऊनही हा प्रश्न सुटत नाही, कारण आवाज पुढेच राहतो. ज्या गोष्टीचा अंदाज कागद-पेन्सिलीने करता येतो तिला दुर्दैव म्हणणे मला जमत नाही.

पण मला खरे बोलायचे आहे ते याच्या पलीकडचे. आपण प्रत्येक जण हरवलेले हरीण एकेकटे, अपवाद म्हणून सांगतो. आकडे तसे सांगत नाहीत. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात शिकाऱ्यांकडून काटेकोर नोंदी ठेवून घेतल्या गेल्या. तिथले लोक नेमबाजीची चाचणी दिलेले, कंपाउंड धनुष्य किंवा क्रॉसबो वापरणारे होते. बाण लागलेली हरणे ९०८, न सापडलेली १६२, म्हणजे शेकडा १८. ओक्लाहोमातल्या मॅकॅलेस्टर येथे पारंपरिक धनुष्याच्या शिकारीत रेडिओ-कॉलर घातलेल्या २२ नरांना बाण लागले आणि त्यांतले ११ सापडले नाहीत. मात्र त्या अकरांपैकी बहुतेक जगले हे कॉलरमुळेच कळले. म्हणजे न सापडलेले प्रत्येक हरीण मेलेले नसते, हे शिकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. आणि चाचणी दिलेल्या, नोंद ठेवणाऱ्या, आपल्यावर लक्ष आहे हे माहीत असणाऱ्या लोकांचाही हिशेब साधारण साडेपाच हरणांमागे एक असाच येतो, हेही तेवढेच खरे आहे.

तुमची पाच सापडली आणि सहावे हरवले. तुम्ही निष्काळजी शिकारी असल्यामुळे हे घडलेले नाही. तुम्ही जवळजवळ तंतोतंत सरासरी शिकारी आहात. हे वाचून बरे वाटेल की वाईट हे मला माहीत नाही; मला वाईट वाटले होते आणि म्हणून मी थांबलो. कारण हा दर माहीत झाल्यानंतर मचाणावर चढणारा माणूस ‘माझ्याकडून असे होणार नाही’ असे म्हणू शकत नाही. त्याला ‘माझ्याकडून अमुक इतक्यांदा होईल आणि ते मला मान्य आहे’ असेच म्हणावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ च्या हरीणविषयक कायद्याने बाणाने हरीण मारण्यावर बंदी घातली. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये केवळ धनुष्यासाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि नव्वद वर्षे तो चालू आहे. दोन्ही समाजांना हरणांची काळजी होती असे मी मानतो. मान्य असलेला आकडा वेगळा होता.

एक उत्तर नेहमी मिळते, ते आधीच खोडतो: हरणे गाड्यांखाली मरतात, उपासमारीने मरतात, कोयोटी त्यांना जिवंत फाडतात, त्यापेक्षा बाण बरा. असेल. पण गाडीखाली मेलेल्या हरणाचे पुण्य माझ्या खात्यावर जमा होत नाही आणि माझ्या बाणाने मेलेल्याचे ओझे त्यामुळे हलके होत नाही.

टॅग न वापरण्याने कळपाचा हिशेब जुळतो, म्हणून तो न वापरणे योग्य आहे. त्या मादीला मात्र त्यातून काहीही मिळत नाही, आणि आपल्याला थोडे हायसे वाटते, एवढे ध्यानात असू द्या.


प्रेषक : दोरीवाली

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले आणि थोडी घाबरले, कारण सगळे जण ती मादी गेली असे धरूनच चालले आहेत. पानगळ, तुम्ही लिहिले ते परवा संध्याकाळचे आहे ना? मग आधी शोध, नीती नंतर.

माझ्याकडे राठ केसांची डॅक्सहुंड कुत्री आहे, आणि हंगामात आठवड्याला तीन-चार वेळा मी तिची तीस फुटांची दोरी धरून लोकांची हरणे शोधत फिरते. पैसे घेत नाही, पेट्रोलचे दिले तर नाकारत नाही. जखमी हरणामागे दोरीवरचे कुत्रे नेणे इथे अनेक राज्यांत पूर्वी बेकायदा होते, कारण कुत्री लावून हरणे पळवण्यावरच्या बंदीत तेही धरले जाई. न्यूयॉर्कने १९८६ मध्ये ते कायदेशीर केले आणि मग एकेक राज्य वळत गेले. विस्कॉन्सिनमध्ये त्याला परवानगी आहे. युरोपात, जर्मनीत विशेषतः, प्रशिक्षित कुत्र्याशिवाय जखमी जनावर शोधणे अर्धवट काम समजले जाते, आणि गंमत म्हणजे तिथे धनुष्याच्या शिकारीला परवानगीच नाही.

कुत्रे रक्ताचा माग काढते असा लोकांचा समज आहे. रक्त असले तर उत्तम, पण ते प्रामुख्याने त्या एका हरणाच्या खुरांमधल्या ग्रंथींचा गंध धरते, आणि जखमी, घाबरलेल्या हरणाचा गंध त्याला इतर हरणांच्या गंधापासून वेगळा ओळखता येतो. म्हणून रक्त संपले तरी काम संपत नाही, हलक्या पावसानेही ते संपत नाही. ते संपते ते माणसांच्या पायांनी. शिकारी, त्याचा मेहुणा आणि दोन मित्र मागावरून रात्रभर फिरले असतील तर त्या सगळ्यांच्या बुटांना तो गंध लागून जंगलभर पसरतो, आणि माझी कुत्री एकेका बुटाचा प्रामाणिकपणे माग काढत बसते. तुम्ही एकट्याने शोधलेत, हे बरे झाले.

आणखी एक. फोनवर प्रत्येकाचा बाण खांद्यामागेच लागलेला असतो. जागेवर गेले की कळते तो मांडीत लागला आहे, किंवा कण्याच्या वरच्या मांसातून गेला आहे. (कणा आणि फुप्फुसे यांच्या मध्ये मोकळी पोकळी असते आणि बाण तिथून निघून गेला, ही कथा मला दर महिन्याला ऐकायला मिळते. अशी पोकळी नसते. बाण कण्याच्या वरून गेलेला असतो आणि ते हरीण बहुतेक वेळा बरे होते.) तुम्ही वीतभर मागे लागला असे लिहिलेत, बाणाचा वास लिहिलात. एवढे खरे सांगणारा माणूस मिळाला की निम्मे काम होते. म्हणूनच मी कोणी हरीण हरवले म्हणून त्याला बोलत नाही. बोलले की पुढचा माणूस फोनवर खोटे सांगतो.

टॅगच्या बाबतीत मी जुन्या मचाणकऱ्यांशी पूर्ण सहमत नाही, जरी त्यांचा हेतू चांगला आहे. टॅग सोडून दिला की हिशेब मिटला असे माणसाला वाटते आणि त्याचे पाय मंदावतात. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एका गृहस्थांनी मला सकाळी दहालाच सांगितले, ‘राहू द्या, मी टॅग सोडला आहे.’ जणू दंड भरला! त्यांचा नर आम्हाला साडेअकराला सापडला, जिवंत, उठता न येणारा. राज्याच्या नियमाप्रमाणे त्यांनी त्याला तिथेच संपवले आणि मग बराच वेळ ते ओंडक्यावर बसून राहिले. त्यामुळे माझा क्रम असा आहे: आधी शोध, मग पुन्हा शोध, मग कुत्रे, मग दोन दिवस कावळे आणि गिधाडे कुठे घिरट्या घालतात ते पाहणे, आणि हे सगळे झाल्यावर टॅगचा विचार. ट्रेल कॅमेरेही (जंगलात लावलेले आपोआप चित्र घेणारे कॅमेरे) काढू नका. मी जी शोधू शकले नाही त्यांतली काही हरणे दोन-तीन आठवड्यांनी कॅमेऱ्यासमोर चरताना दिसली आहेत. पोटात लागलेली मात्र सहसा दिसत नाहीत.

माझा निरोप तुमच्या खासगी संदेशांत आहे. आज दुपारी येऊ शकते. तोपर्यंत मागावर जाऊ नका, आणि शेजारच्या मालकांना कुत्र्यासह येण्याबद्दल वेगळे विचारून ठेवा. माणसाला दिलेली परवानगी कुत्र्याला लागू होतेच असे नाही.


प्रेषक : पानगळ

काल दुपारी दोरीवाली ताई आल्या. बाण लागल्याला तेव्हा साधारण पंचेचाळीस तास झाले होते.

आम्ही कुत्रीला ओंडक्याजवळच्या बसकणीवर नेले. ती तिथे बराच वेळ नाक लावून उभी राहिली, मग दोन थेंब जिथे होते त्याच्या बरोबर काटकोनात वळली. मी दोन दिवस ज्या दिशेला शोधत होतो ती दिशाच चुकीची होती. मादी उठून शेजारच्या कुंपणाकडे गेली, तिथून परत फिरली आणि ओढ्याच्या कडेने खाली उतरली. बसकणीपासून ३१० यार्डांवर, पाणकणसांच्या दाटीत ती मिळाली. माझ्या शोधाची शेवटची रांग तिथून तीस पावलांवर संपली होती. झाडाला मीच बांधलेली नारिंगी फीत तिच्याजवळ उभे राहिल्यावर दिसत होती.

मांडीचा बराच भाग कोयोटींनी खाल्ला होता. मांस कामाचे नव्हते. ती केव्हा गेली असेल असे मी ताईंना विचारले, त्या म्हणाल्या की नक्की सांगता येणार नाही, पण पहिल्या रात्री नाही. म्हणजे परवा सकाळी मी फीत बांधत होतो तेव्हा ती जिवंत असणे शक्य आहे. हे लिहावे की नाही याचा मी विचार केला आणि लिहितो आहे.

ती सापडली असल्यामुळे टॅगचा प्रश्न उरला नाही. तिची रीतसर नोंद केली आणि माझा मादीचा टॅग संपला. सापडली नसती तर काय केले असते, याचे उत्तर मला आता द्यावे लागत नाही, आणि त्यामुळे मी सुटलो असेही वाटत नाही.

मचाणकरी काका, चाळीस मिनिटांचे विचारलेत. पाऊस हे कारण मी इथे लिहिले, घरी सांगितले आणि स्वतःलाही सांगितले. खरे कारण असे की दुसऱ्या दिवशी सकाळी मला दुसरीकडे जायचे होते आणि रात्रीच सगळे आटपावे असे वाटत होते. बाणाचा वास मला ओळखता आला होता. आठ तासांचा नियमही माहीत होता.

गवताकाठी, तुमचे गणित मी वहीत उतरवून पाहिले. वीस यार्डांवरही पाव सेकंद नाही, पण सहाव्या हिश्श्याइतका वेळ तिच्याजवळ उरतोच. तेव्हा अंतर कमी केल्याने भागणार नाही. तिची मान खाली असणे जास्त महत्त्वाचे. या हंगामात मी बाण सोडणार नाही. मचाणावर चढेन, धनुष्य नेईन, आणि मान वर असलेल्या प्रत्येक हरणासमोर ताणलेली दोरी बाण न सोडता परत सैल करायचा सराव करीन, कारण ते मला येत नाही हे त्या संध्याकाळी कळले. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी.


प्रेषक : गवताकाठी

सापडली हे चांगले झाले, आणि पंचेचाळीस तासांनीही फोन उचललात हे अधिक.

एक विचारू का? तुम्ही एकटे शिकार करता की तुमचा गट आहे? गट असेल तर तिथे लागली पण सापडली नाहीत अशा हरणांची मोजणी कोणी ठेवतो का? चौदा वर्षांत आमच्या गटात कोणीही ठेवली नव्हती, मी धरून. इंडियन हेडचे आकडे मी प्रथम पाहिले तेव्हा ते मला खोटे वाटले होते ते त्यामुळेच.


प्रेषक : पानगळ

आम्ही चौघे आहोत. वही आहे, पहिल्या वर्षापासूनची. तारीख, वारा, अंतर, नर की मादी, वजन आणि शिंगांना किती टोके, एवढे रकाने आहेत. तुम्ही म्हणता तो रकाना नाही. काल रात्री तो आखला, माझी मादी ‘उशिरा सापडली, मांस वाया’ अशी लिहिली, आणि वहीच्या पानाचा फोटो बाकी तिघांना पाठवून गेल्या सहा वर्षांतले आठवेल तसे भरायला सांगितले. एकाचे उत्तर अर्ध्या तासात आले: दोन. दुसऱ्याचे आज सकाळी आले: एक, आणि त्याखाली बरेच मोठे स्पष्टीकरण, ज्यात पाऊस आहे. तिसऱ्याने संदेश वाचला आहे, उत्तर दिलेले नाही.